एक फुसकं काडतूस

अमेरिकेत आल्यावर पहिली अकरा वर्षं मला बंदूक हातात धरायला कायद्यानं मनाई होती. हे इथल्या बऱ्याच मराठी मंडळींनाही ठाऊक नसतं. एच-वन-बीसारख्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसानं बंदूक तर सोडाच, काडतूससुद्धा जवळ बाळगायचं नाही, असं इथला केंद्रीय कायदा सांगतो. त्याला एक गमतीशीर पळवाट आहे. तुमच्याकडे एखाद्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना असेल तर चालतं. त्यामुळे ऑफिसातले दोघे-तिघे, संकष्टी न चुकता धरणारे, अंड्याचा केकसुद्धा विचारून खाणारे इंजिनिअर शिकारीचे परवाने पाकिटात घालून हिंडत असत. मी तो काढला नाही. कारण तात्त्विक वगैरे काही नव्हतं, आणखी एक फॉर्म भरायचा कंटाळा, एवढंच. मग एकदाचं ग्रीन कार्ड आलं. तोवर कानशिलं पांढरी झाली होती आणि बंदुकीचं कुतूहलही बरंचसं विरलं होतं.

ते परत जागं केलं शेजारच्या म्हाताऱ्यानं. म्हातारा म्हणतोय ते प्रेमानं. पंचाहत्तरीच्या आसपासचा, मोरेन्सीच्या तांब्याच्या खाणीत उभा जन्म काढलेला माणूस. आम्ही फिनिक्सच्या उत्तरेला राहतो. इथल्या उन्हाबद्दल तक्रार करायची असली की तो मला भिंतीपलीकडून हाक मारतो, आणि खाणीतलं ऊन (हो, खाण उघडी असते, डोंगरच्या डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खाल्लेला) किती वाईट होतं ते सांगून माझी तक्रार मोडीत काढतो. एक दिवस त्यानं हाक मारली ती उन्हासाठी नव्हती. नवं पिस्तूल घेतलं होतं. ग्लॉक 20, दहा मिलिमीटर जाडीच्या गोळीचं. जानेवारीत जॅव्हलिनाच्या शिकारीला जायचं म्हणून.

जॅव्हलिना म्हणजे रानडुकराचा चुलतभाऊ म्हणावा असा प्राणी. दिसायला डुक्कर, पण कूळ वेगळं. ॲरिझोनात त्याच्या शिकारीचा एक हंगाम असा असतो की ज्यात रायफल चालत नाही. फक्त पिस्तूल, धनुष्यबाण किंवा ठासणीची बंदूक. ठासणीची म्हटल्यावर मला आईच्या मामांचं कोकणातलं घर आठवलं. भाताला डुकरं लागतात म्हणून परवान्यावर ठेवलेली बंदूक पडवीच्या खुंटीला टांगलेली असायची, आणि आम्हा पोरांना तिच्याखालून जाताना उगाचच वाकायची सवय होती. म्हाताऱ्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, मग तू डुकरांच्या घरचाच आहेस, शनिवारी चल.

बाबांबद्दल मी त्याला तेव्हा काही सांगितलं नाही.

---

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. 1869 पासून चालू असलेला कारखाना. आमच्या लहानपणी त्याच्या भोंग्यावर आमची घरं चालायची. बाबा तपासणीत होते. काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आणि भरलेली काडतुसं डोळ्यांखालून घालायची, चीर, पोचा, तिरकी बसलेली टोपी (म्हणजे पिन आदळली की पेटणारी तळाची वाटी), वर आलेली टोपी, उलटी बसलेली टोपी, जे काही वावगं दिसेल ते बाजूला काढायचं. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी हेच केलं. किती काडतुसं पाहिली असतील त्याचा हिशेब मी शाळेत असताना एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, आणि शून्यं एवढी झाली की सोडून दिला. एवढं करून त्यांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नाही. जत्रेत फुगे फोडायच्या छऱ्याच्या बंदुकीलासुद्धा हात लावला नाही. विचारलं तर म्हणायचे, "आमचं काम चाप ओढायच्या आधी संपतं."

घरात दारूगोळ्याची खूण म्हणून काही नव्हतं. फाटकातून बाहेर पडताना झडती असायची, आणि नसती तरी बाबांनी खिळाही आणला नसता. होती ती फक्त भाषा. भाजी आणली की आई जुड्या सोडायची आणि बाबा म्हणायचे, "लॉट पास." माझं दहावीचं प्रगतिपुस्तक मात्र त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं होतं. आणि 'फुसकं' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. फुसकं काडतूस म्हणजे त्यांच्या लेखी साधा दोष नव्हता, ती दगाबाजी होती. कुठल्यातरी चौकीवर कुणीतरी पोरगा चाप ओढणार आणि नुसता 'टक्' आवाज येणार. त्या 'टक्'ला ते घाबरायचे. स्फोटाला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, न होणाऱ्या स्फोटाला घाबरणारा हा एकच.

आपल्या वर्तमानपत्रांतलं एक ठरलेलं वाक्य आहे : 'गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त.' लहानपणी मला त्या 'जिवंत'चं फार आश्चर्य वाटायचं. पितळेची वस्तू जिवंत कशी? बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ज्याच्यात अजून व्हायचंय ते जिवंत. ही व्याख्या मला आजही बरी वाटते.

---

शनिवारी पहाटे निघालो. बेन ॲव्हरी नावाचं मोठं सार्वजनिक मैदान आमच्यापासून जवळ आहे. ते राज्याचं वन्यजीव खातं चालवतं, त्यामुळे कारभार सरकारी, म्हणजे शिस्तीचा आणि जरा रुक्ष. पत्र्याच्या सावलीत एका ओळीत सिमेंटची टेबलं, समोर माती, मातीपलीकडे तपकिरी टेकड्या आणि त्यांवर हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. गोळीबाराच्या मैदानासमोर हात वर करून उभं राहण्यातला विनोद मला तरी दर वेळी दिसतो. म्हाताऱ्याला तो बोअर झालाय.

गाडीतच त्यानं माझ्याकडून चार नियम पाठ करून घेतले होते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी न्यायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापावर नाही. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते माहीत असलं पाहिजे. हे नियम जेफ कूपरचे. अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलात अधिकारी राहिलेला हा गृहस्थ सत्तरच्या दशकात ॲरिझोनातच, पॉल्डन नावाच्या गावाजवळ, पिस्तूल चालवायला शिकवायची शाळा काढून बसला. आणि आम्ही ज्या काडतुसासाठी निघालो होतो त्या दहा मिलिमीटरच्या जन्मातही त्याचा हात होता, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे एकाच माणसानं लोकांना बंदुकीला भ्यायला शिकवलं आणि त्यांच्या हातात अधिक भयंकर बंदूकही दिली. म्हाताऱ्याला यात काही विसंगत वाटत नाही. खाणीत सुरुंग लावणाऱ्या माणसाला वाटणारही नाही.

पिस्तूल टेबलावर ठेवलं तेव्हा पहिलं काय वाटलं ते सांगतो : निराशा. सिनेमातल्या पिस्तुलांना जी ऐट असते तिचा लवलेश नाही. काळं, चौकोनी, कडा जेमतेम घासलेल्या, एखाद्या बऱ्या कंपनीच्या ड्रिल मशिनसारखं. मूठ आणि सांगाडा प्लॅस्टिकचा. हे पिस्तूल ज्याच्या नावानं आहे तो ऑस्ट्रियाचा गास्टन ग्लॉक आधी पडद्यांचे रॉड, सुऱ्या असल्या वस्तू करायचा. पिस्तूल त्यानं कधी केलेलं नव्हतं. ऐंशीच्या सुरुवातीला ऑस्ट्रियन सैन्याला नवं पिस्तूल हवं आहे असं कळलं आणि तो कामाला लागला. आधीचं काही ठाऊक नसल्यामुळे प्लॅस्टिक वापरायची त्याला लाज वाटली नसावी. 1982 साली सैन्यानं त्याचं पिस्तूल घेतलं आणि पडद्यांचे रॉड मागे पडले. म्हाताऱ्याचं हे 20 नंबरचं त्याच घराण्यातलं, फक्त थोराड. रिकामं असताना पाऊण किलोच्या थोडं पुढे. पंधरा गोळ्यांचं मॅगझिन भरून बसवलं की अकराशे ग्रॅमच्या वर. बाहेरून खटका बंद करायचं बटण नाही. चापाच्या मध्ये चापाचंच एक छोटं पातं आहे, ते दाबलं गेल्याशिवाय चाप हलत नाही. मला त्याचा फार विश्वास वाटला नाही, आणि अजूनही वाटत नाही. कुलूप म्हणजे वेगळी किल्ली लागली पाहिजे, अशा घरात मी वाढलोय.

मूठ जाड आहे. काडतूसच लांब, ते मुठीत मावायचं म्हणजे मूठ पुढून मागे रुंद होणार. माझी बोटं जेमतेम पोचली. आमच्या हातांचा घाट लाडू वळायचा आहे, असं म्हाताऱ्याला मराठीत सांगावंसं वाटलं.

मग त्यानं काडतुसांचा डबा उघडला. म्हातारा काडतुसं घरीच भरतो. पडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. डब्यात पन्नास काडतुसं तळ वर करून बसली होती, पितळेच्या पन्नास लहान समया उलट्या ठेवल्यासारखी. मी एक उचललं आणि आधी काय केलं असेन तर ते उजेडात फिरवलं. तोंडाशी चीर आहे का. टोपी सपाट बसलीय का. नखानं टोपीवरून हात फिरवला. म्हातारा बघत राहिला. "हे कुठं शिकलास?" म्हणाला. तेव्हा सांगितलं बाबांचं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी तांबं काढत होतो आणि तिकडं तुझा बाप पितळ तपासत होता." पितळेत बहुतांश तांबंच असतं, काडतुसाच्या पितळेत सत्तर टक्के. मोरेन्सीचं तांबं खडकीत पोचलं असेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण म्हाताऱ्याला ती कल्पना आवडली, आणि मी ती मोडली नाही.

---

पहिली गोळी.

कानात फोमचे बोळे, त्यावर हेडफोनसारखं जाड आवरण. मैदानाच्या अधिकाऱ्यानं भोंग्यावर सांगितलं, रेंज इज हॉट, म्हणजे आता गोळीबार करायला हरकत नाही. सात यार्डांवर कागद. दोन्ही हातांनी मूठ, अंगठे पुढे, खांदे जरा पुढे झुकलेले. चाप हळू मागे घे, कधी सुटेल ते तुला कळता कामा नये, असं म्हातारा कानाशी ओरडत होता.

कधी सुटलं ते खरंच कळलं नाही. मात्र आवाज कानानं ऐकल्याचं आठवत नाही, छातीच्या पिंजऱ्यानं ऐकल्याचं आठवतं. तळहाताच्या अंगठ्याकडच्या बेचक्यात कुणीतरी क्रिकेटच्या बॅटची मूठ हाणल्यासारखं झालं, पिस्तूल कपाळाच्या उंचीवर गेलं आणि परत आलं, आणि तेवढ्यात त्यानं आपली जुनी पुंगळी फेकून नवं काडतूस नळीत घेतलंसुद्धा. सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते हेच. प्रत्येक गोळीसाठी चाप पुन्हा ओढायचा, पण मधलं सगळं काम धक्क्याच्या जोरावर यंत्रच करतं. आपल्याला जो धक्का हाताला त्रास वाटतो, त्याच धक्क्यावर त्याचा संसार चालतो. पुंगळी उजवीकडे उडून सिमेंटवर किणकिणली. बोळे असूनही ती किणकिण मात्र मला ऐकू आली.

थोडा हिशेब सांगतो, म्हणजे ताकद म्हणजे काय ते कळेल. नेहमीच्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, नळीतून सुटताना सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या घरात. म्हाताऱ्यानं भरलेली दहा मिलिमीटरची गोळी पावणेबारा ग्रॅमची आणि सेकंदाला तीनशे ऐंशी मीटरच्या आसपास. एका मिलिमीटरचा फरक ऐकायला काहीच नाही, पण अंगी असलेली ऊर्जा जवळपास दुप्पट भरते. ग्रीनलंडच्या बर्फात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डॅनिश पथकाला ध्रुवीय अस्वलांच्या भीतीनं हेच ग्लॉक 20 दिलेलं आहे. पुण्यातल्या मित्रांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी राही सरनोबतचं नाव घेतलं. तिचं पिस्तूल बावीस बोअरचं, तिच्या गोळीचं वजन अडीच-पावणेतीन ग्रॅम, आणि कस सगळा नेमाचा. आम्ही नेमाचं सोडाच, उभं राहण्याचीच परीक्षा देत होतो.

पंधरा गोळ्या संपल्या. गोळीबार थांबवल्यावर सगळे लाल रेषेमागे गेले, आम्ही कागद बघायला. मधल्या वर्तुळात दोन भोकं. बाकीची सगळी खाली आणि डावीकडे, एकाखाली एक, कुणी पान खाऊन पिचकारी मारावी तशी. "याचा नेम डावीकडे आहे," मी म्हणालो. नवं पिस्तूल, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, सरकली असेल. म्हाताऱ्यानं मान हलवली, पुढच्या फेरीत स्वतः पाच गोळ्या मारल्या, आणि कागदावर मध्यभागी मुठीएवढ्या जागेत पाच भोकं.

मग तो माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरायला लागला. भरून माझ्या हातात दिलं.

पहिली गोळी, दुसरी, तिसरी. चौथ्या वेळी चाप ओढला आणि नुसता 'टक्'.

आणि त्या 'टक्'बरोबर पिस्तुलाची नळी सरळ जमिनीकडे गेली. चांगली वीतभर. मी तिला खाली ढकललं होतं. धक्का आलाच नव्हता, आणि मी त्याला थोपवायला आधीच दोन्ही हातांनी वाकलो होतो. डोळेही मिटले होते, हे म्हाताऱ्यानं सांगितलं. मला विचाराल तर मी उघड्या डोळ्यांनी नेम धरला होता.

त्यानं मधेच एक नकली काडतूस घातलं होतं. नारिंगी प्लॅस्टिकचं, टोपी नाही, दारू नाही. इथं शिकवायची ही जुनी रीत आहे म्हणे. खरी काडतुसं दणका देतात, त्या दणक्यात आपली चूक झाकली जाते. नकली काडतूस काही झाकत नाही.

---

दिवाळीत सुतळी बॉम्ब लावताना आम्ही काय करायचो ते आठवा. उदबत्ती टेकवायची, वात फुरफुरली की पळायचं, आणि मग वळून, कानात बोटं घालून, खांदे कानांपर्यंत ओढून, डोळे बारीक करून उभं राहायचं. तो फुटायच्या आधीच आपण आतून फुटलेलो असायचो. फुटल्यावर उलट हायसं वाटायचं. खरी पंचाईत न फुटलेल्या बॉम्बची. अर्धा मिनिट गेला, मिनिट गेला, वात विझल्यासारखी दिसते, कुणीतरी आगाऊ पोरगा काठी घेऊन पुढे सरकतो आणि गॅलरीतून सगळ्या आया एकदम ओरडतात. मैदानावरही हाच नियम निघाला. चाप ओढून आवाज आला नाही तर नळी समोरच ठेवायची आणि तीस सेकंद तसंच उभं राहायचं. काडतूस उशिरा पेटू शकतं. आमच्या वाड्यातल्या आयांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं मला आणखी दोनदा फसवलं. दोन्ही वेळा नळी खाली. मग त्यानं दुसरा डबा काढला आणि काही न बोलता त्यातून मॅगझिन भरलं. आता जरा बरं चाललंय असं मला वाटत होतं, धक्काही झेपत होता. तरी भोकं खालीच. नंतर त्यानं सांगितलं की त्या डब्यातली काडतुसं हलक्या भराची होती, दारू बरीच कमी, नऊ मिलिमीटरच्या थोडी वर असतील एवढीच. धक्का कमी झाला होता, माझं वाकणं तेवढंच होतं. हात जुन्याच धक्क्याची वाट बघत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ऐकून मला थोडा धीर आला. दहा मिलिमीटरचं काडतूस 1983 साली आलं. स्वीडनच्या नॉर्मानं ते तयार केलं, आणि ते ज्या पिस्तुलासाठी केलं ते कॅलिफोर्नियाचं ब्रेन टेन. त्या पिस्तुलाबरोबर द्यायला मॅगझिनंच पुरेशी नव्हती आणि कंपनी तीन वर्षांत बुडाली. बायको आधीच गेली आणि नवरा मागं राहिला तसं काडतूस उरलं, पिस्तूल गेलं. मग 11 एप्रिल 1986 ला मायामीत एफबीआयची दोन बँक-लुटारूंशी चकमक झाली. एफबीआयचे दोघे मारले गेले, पाच जखमी झाले. लुटारूंपैकी एकाला सुरुवातीलाच नऊ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत लागली होती. ती हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. दोन्ही लुटारू अखेर मेले, पण एफबीआयनं ठरवलं की आपल्याला जास्त जोराचं काडतूस पाहिजे. दहा मिलिमीटर निवडलं. आणि मग लक्षात आलं की पूर्ण भराचं दहा मिलिमीटर बऱ्याच जणांना झेपत नाही. नेम चुकायला लागले. म्हणून भर कमी केला. भर कमी केल्यावर लांब पुंगळीत नुसतीच जागा रिकामी राहते असं दिसलं, म्हणून पुंगळीच आखूड केली आणि 1990 साली चाळीस बोअरचं नवं काडतूस निघालं. आणि 2015 च्या सुमारास एफबीआय परत नऊ मिलिमीटरवर आली. तोवर नऊची गोळीच सुधारली होती, आणि नेम त्याच्यानंच चांगला लागत होता. एवढ्या मोठ्या देशाची पोलीस संस्था तीस वर्षं फिरून मूळ जागी आली. म्हणजे नळी खाली ढकलणारे आम्ही एकटे नव्हतो.

म्हाताऱ्याला मात्र ही गोष्ट या शेवटासह आवडत नाही. त्याच्या मते काडतूस चांगलंच होतं, माणसं ढिली निघाली. खाणीतल्या मुकादमाचं मत आहे ते.

---

घरी निघताना गाडीत मी हात बघत होतो. अंगठ्याच्या बेचक्यात लालसर ओरखडा, बोटांना दारूचा वास. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात यायचा त्याच्या जवळपासचा, पण पुरता तोच नाही. मजा आली का, असं कुणी विचारलं असतं तर हो म्हणालो असतो. आणि लगेच जरा ओशाळलोही असतो.

मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत वर्षातून काही वेळा लॉकडाऊनची तालीम होते. दिवे घालवायचे, दाराला कडी, मुलांनी भिंतीशी चिकटून गप्प बसायचं. पहिल्यांदा घरी येऊन तिनं हे सांगितलं ते असं, जणू वर्गात लपाछपी खेळले. आता ती त्याबद्दल बोलत नाही. शनिवारी सकाळी कुठं गेला होतास, असं तिनं विचारलं. मी शेजारच्या आजोबांबरोबर गेलो होतो एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं. आंघोळ करून कपडे थेट मशिनला लावले.

पुण्याचं घड्याळ आमच्यापुढे साडेबारा तास, बारा महिने तेवढंच. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करायची भानगड नाही. रात्री आठला फोन लावला तेव्हा तिकडं रविवारचे साडेआठ वाजले होते आणि बाबा पेपर घेऊन गॅलरीत बसले होते. म्हाताऱ्यानं मला एक रिकामी पुंगळी आठवण म्हणून दिली होती. ती मी कॅमेऱ्यासमोर धरली.

"काय आहे?"

"बाबा, पुंगळी. दहा मिलिमीटर. आज मी चालवलं पिस्तूल."

मला वाटलं होतं ते रागावतील. किंवा विचारतील की कसं वाटलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा बदलला आणि फोन तोंडाजवळ आणला. स्क्रीनभर त्यांचं कपाळ.

"आतनं बघ. भोक एक आहे का दोन?"

मी टॉर्च लावून पुंगळीच्या तोंडातून आत बघितलं. तळाला मधोमध एक बारीक भोक. "एक."

"हं. म्हणजे टोपी ठोकून काढता येते. परत भरत असतील." मग म्हणाले, "मागं फिरव. पिन कुठं लागलीय?"

टोपीवर मधोमध पिनेची खूण होती. पण ती आपण कल्पना करतो तशी गोल खळगी नव्हती. लांबट खळगी आणि तिच्याभोवती चौकटीसारखा चौकोन उमटलेला. ग्लॉकमधून सुटलेल्या पुंगळ्यांवर ती अशीच उमटते, हे मला म्हाताऱ्यानं सांगितलं होतं.

"चौकोनी?" बाबा म्हणाले. "चौकोनी कशी?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पिनेच्या पुढच्या भिंतीतलं भोकच चौकोनी असतं, दाबानं टोपी मागे फुगून त्यात दबते, वगैरे. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. आयुष्यभर त्यांनी टोप्या बघितल्या त्या पिन लागायच्या आधीच्या, कोऱ्या.

"फुसकी किती निघाली?"

"तीन. पण ती खरी नव्हती. मुद्दाम घातलेली."

"मुद्दाम?"

"हात हलतो का बघायला."

ते थोडा वेळ गप्प झाले. मागं कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी मान आत वळवून आईला सांगितलं, "अगं, तिकडं मुद्दाम फुसकं घालतात म्हणे." आईनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

"हलला का?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही वेळा."

"बरं." एवढंच. मग म्हणाले, "येताना ती आणू नकोस हं. विमानतळावर रिकामी पुंगळीसुद्धा धरतात, उगाच नसती भानगड. तळाचा फोटो काढून पाठव. नीट, जवळून."

फोन ठेवल्यावर मी टेबलावरच्या दिव्याखाली पुंगळी उभी केली आणि फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. बाबा एका बोटानं टाइप करतात.

उत्तर आलं : 'उजेड कमी. परत काढ.'